निवडून टाकू नकोस ते दाणे

अगं, सासूबाई रेशनचा तांदूळ सुपात घेऊन बसतात आणि वेगळे दिसणारे पिवळसर दाणे निवडून फेकतात, असं तू परवा फोनवर सांगितलंस, तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. त्यांना बोल लावू नकोस. गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात जन्म गेला त्यांचा, परका दाणा त्यांच्या नजरेतून सुटणार कसा? त्यात ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून मोबाइलवर काय काय फिरत असतं.

पण तो दाणा तांदळाचाच आहे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-12 मिसळतात आणि आपण शेवया पाडतो तसं ते यंत्रातून दाबून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात. गिरणीत तुटलेली कणीही अशी कामी येते. क्विंटलभर तांदळात असे दाणे फक्त किलोभर. तेवढे वेचून टाकले की उरला तो साधा तांदूळ. काही दाणे पाण्यात तरंगतात, म्हणून संशय येतो. सासूबाईंशी वाद घालत बसू नकोस. मूठभर दाणे त्यांच्यासमोर वेगळे शिजव आणि बोटांनी चुरून दाखव. प्लास्टिक काही असं शिजत नाही.

2021च्या स्वातंत्र्यदिनी असे दाणे मिसळलेल्या तांदळाची घोषणा झाली आणि 2024पर्यंत तो रेशनवर, अंगणवाडीत, शाळेच्या खिचडीत पोचला. कारण आपल्याच अंगात आहे गं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायांमागे 54 जणींचं रक्त कमी निघालं. तुलाही हल्ली विहिरीवरून येताना दम लागतो म्हणतेस.

तांदूळ फार चोळून धुऊ नकोस. पाणी बेताचं ठेव, पेज ओतून देऊ नकोस, त्यात जीवनसत्त्वं निघून जातात. ताटात लिंबाची फोड असू दे आणि जेवल्याबरोबर चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही.

आता खरं बोलायचं ते. बाळाचा विचार चाललाय म्हणालीस. फॉलिक अॅसिड दिवस राहण्याआधीपासून पोटात जायला हवं, बाळाचा मेंदू आणि मणका पहिल्या काही आठवड्यांतच घडतो. नुसत्या भातावर विसंबू नकोस, दवाखान्यातून गोळ्याही घे.

आणि आपल्या भागात सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार आहे, ते विसरू नकोस. या तांदळाच्या पोत्यावर सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी सूचना असायची, तज्ज्ञांच्या समितीनं धोका नाही म्हटल्यावर 2024मध्ये केंद्रानं ती काढली. तरी घरात कुणाला वारंवार रक्त चढवावं लागत असेल, तर त्याच्या अंगात लोह साचत जातं. त्याच्या ताटाचं डॉक्टरांना विचारूनच ठरव.

सिकलसेलची तपासणी तुम्ही नवरा-बायको दोघांनीही करून घ्या. दोघंही वाहक निघालात तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला स्वतःला सहसा काही होत नाही, म्हणून कळतही नाही. ‘मला काय धाड भरलीय’ असं ते म्हणतीलच, तरी त्यांना सोबत घेऊनच आरोग्य केंद्रात जा.