चासीचा गंज: कोटेशन देण्याआधी गाडी उघडा

चिंचोटीत किंवा कामणच्या रस्त्याला एखादा गाळा घेऊन जुन्या गाड्यांचं काम सुरू करावं का, असं बरेच जण विचारतात. जागा चांगलीच आहे. अहमदाबाद हायवे दारात, भिवंडीकडे जाणारा रस्ता इथूनच फुटतो, मुंबईतल्या शौकीन मालकाला गाडी टो करून आणणं सोपं. आणि गिऱ्हाईक तर हवामानच पाठवतं. वसईची खाडी, नायगावची मिठागरं, चार महिन्यांचा पाऊस! हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं, ओल धरून ठेवतं, आणि गंज थांबतच नाही.

पण या धंद्यात बुडायचा रस्ता एकच आहे: गाडी बाहेरून बघून दिलेलं कोटेशन.

समजा एक जुनी एमजीबी आली. दोन दारांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. दाराखाली रंगाला दोन फोड आलेत. मालक म्हणतो, "एवढंच आहे, ठिगळ मारा." तुम्ही साठ हजार सांगता. आता बघा, एमजीबीला वेगळी चासी नसतेच. दाराखालची डब्ब्यासारखी पट्टी, जिला सिल म्हणतात, तीच भार घेते. छप्पर नाही, म्हणून तिच्यावर ताण आणखी जास्त. हा डब्बा आतून गंजतो. पाणी निघायची भोकं मातीने बुजली की आत पाणी साचतं, आणि बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा संपलेला असतो. ग्राइंडर लावला की दोन फोडांचं काम दोन फुटांचं होतं.

गाळ्याचं भाडं 24 हजार धरू, त्यात दोन गाड्या मावतात. म्हणजे एका गाडीच्या जागेचा महिन्याचा खर्च 12 हजार. तीन आठवड्यांचं काम चार महिने चाललं तर 48 हजार नुसत्या जागेतच गेले. साठातले उरले बारा. कारागिराचा पगार, गॅस, पत्रा यातूनच द्यायचाय! मालक वाढीव पैसे द्यायला तयार नसतो, कारण शब्द तुम्ही दिलेला असतो.

म्हणून तपासणीचे पैसे वेगळे घ्या. लाजू नका, डॉक्टरही आधी एक्स-रे काढायला सांगतो. गाडी स्टँडवर घ्या, कार्पेट आणि सीट काढा, हातोडीने हलकं ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, खाल्लेलं बोदं वाजतं. बोदं वाजलं तिथे टोच्या दाबा. सस्पेन्शन आणि स्प्रिंग जिथे बसतात, तिथे सगळ्यात जास्त वेळ द्या. तिथला गंज हा रंगाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. फायबरची बॉडी असेल तर जास्तच सावध राहा. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म वरून चकचकीत दिसेल, कारण फायबर गंजत नाही. खालचं लोखंड मात्र गंजतं.

प्रत्येक जागेचा फोटो काढून मालकाला पाठवा आणि मगच कोटेशन द्या. तेही दोन टप्प्यांत: आधी उघडून कापायचं, मग बांधायचं. पहिला टप्पा संपला की मालकाला गाळ्यावर बोलवा, दाखवा, सही घ्या, पुढचा अ‍ॅडव्हान्स घ्या.

आता काम. गंजावर ठिगळ कधीच मारायचं नाही. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं आणि मूळ जाडीचाच पत्रा घालायचा. उघड्या गाडीत सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीला आडवा पाइप वेल्ड करून आधार द्या, कर्णाची दोन्ही मापं लिहून ठेवा, आणि एका वेळी एकच बाजू कापा. हे विसरलात तर काम संपल्यावर दार लागणार नाही, आणि तेव्हा परत कापण्यावाचून इलाज नसतो. सीओटू वेल्डिंगचे छोटे टाके मारा, जागा बदलत मारा, नाहीतर उष्णतेने पत्रा वाकतो. बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी गाळ्याबाहेर ठेवा. जीआय पत्रा वेल्ड करताना जस्ताचा धूर होतो, ताप भरतो. कडांवरचं जस्त घासून काढा आणि हवा खेळती ठेवा. शेवटी डब्ब्याच्या आत मेण फवारा आणि पाण्याची भोकं मोकळी ठेवा. नुसता बाहेरून रेड ऑक्साइड मारला तर दोन पावसाळ्यांत गाडी परत तुमच्याच दारात, आणि या वेळी मालक रागावलेला.

कागदाचाही एक मुद्दा. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडीच व्हिंटेज धरतात. तिला व्हीए अक्षरांची नंबर प्लेट मिळते, नव्या नोंदणीची फी 20 हजार. पण अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे चासीच बदलून टाकू, हा सोपा वाटणारा मार्ग मालकाची नोंदणी अडचणीत आणू शकतो. कोटेशन देतानाच विचारा: व्हिंटेजची नोंदणी झालीय का, करायचीय का? आणि चासी नंबर कोरलेल्या जागेवर ग्राइंडर फिरवू नका. तिथेच गंज असेल तर आधी फोटो काढा आणि मालकाने आरटीओत विचारून येईपर्यंत ती जागा तशीच ठेवा.

तपासणीचा फॉर्म मी कसा भरतो, कुठल्या रकान्यात काय लिहितो, ते या धड्याच्या व्हिडिओत गाडीखाली झोपूनच दाखवलंय.