खेळयंत्राचें मोल

सुटीपूर्वीं आमच्या वर्गांतील दोघे विद्यार्थी एक वाद घेऊन आमच्याकडे आले. दोघांच्याही घरीं व्हिडिओ गेमचें यंत्र घ्यावयाचें होतें. एक म्हणे, अमुक यंत्राची शक्ति अधिक. दुसरा म्हणे, तमुकाची किंमत कमी. निवाडा आम्हीं करावा अशी त्यांची इच्छा. परंतु किंमत निराळी, मोल निराळें आणि बाजारांतील भवितव्य त्याहून निराळें. हा भेद ध्यानांत यावा म्हणून एक घडलेला दाखला येथें देतों.

इ. स. १९९४ च्या अखेरीस जपानांत दोन यंत्रें पाठोपाठ विक्रीस आलीं : सेगा कंपनीचें सॅटर्न २२ नोव्हेंबर रोजीं व सोनी कंपनीचें प्लेस्टेशन ३ डिसेंबर रोजीं. सेगा या धंद्यांत मुरलेली, सोनी नवखी. पुढें ११ मे १९९५ रोजीं लॉस एंजेलिस येथील प्रदर्शनांत सेगानें, ठरल्या वेळेच्या सुमारें चार महिने आधींच, ३९९ डॉलरांस सॅटर्न अमेरिकेंत विक्रीस काढलें. त्याच दिवशीं सोनीच्या प्रतिनिधीनें आपली किंमत सांगितली : २९९. शंभर डॉलरांचें अंतर पडलें तें पडलेंच. त्याहून मोठी हानि घाईनें केली. माल मोजक्या दुकानदारांनाच मिळाल्यामुळें बाकीचे रुसले, आणि इतर कंपन्यांचे बहुतेक खेळ तयारच नव्हते. शिवाय सॅटर्नमध्यें दोन मुख्य प्रोसेसर असल्यानें त्यासाठीं खेळ रचणें कठीण जाई.

१९९६ सालीं निन्टेन्डो ६४ हें तिसरें यंत्र आलें. त्याचे खेळ कार्ट्रिजमध्यें असत. कार्ट्रिज मजबूत, व तींतील खेळ झटकन् सुरू होई. पण ती तयार करण्यास खर्च फार, आणि मोठ्यांत मोठ्या कार्ट्रिजमध्यें ६४ मेगाबाइटच मावत. प्लेस्टेशनच्या सीडींत सुमारें ६५० मावत, आणि सीडी छापणें अगदीं स्वस्त. स्क्वेअर कंपनी पूर्वीं 'फायनल फँटसी' हे आपले खेळ निन्टेन्डोच्या यंत्रांसाठीं काढीत असे. तिनें सातवा भाग १९९७ सालीं तीन सीडींवर, प्लेस्टेशनसाठीं काढला. खेळ गेले तिकडे गिऱ्हाईक गेलें, आणि गिऱ्हाईक गेलें तिकडे आणखी खेळ गेले.

अखेर प्लेस्टेशनें १० कोटींहून अधिक खपलीं, निन्टेन्डो ६४ सुमारें ३ कोटी ३० लक्ष, आणि सॅटर्न १ कोटीहूनही कमी. सेगाचें पुढचें ड्रीमकास्टही टिकलें नाहीं, व २००१ सालीं तिनें यंत्रांचा धंदाच सोडला. तथापि केवळ खपावरून मोल ठरवूं नये. ज्याला 'सुपर मारिओ ६४' खेळावयाचा होता, त्याच्या लेखीं प्लेस्टेशनचा खप व्यर्थच होता.

आतां आपल्या घराकडे वळूं. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण येथें तंतोतंत लागू पडते. कारण यंत्र एकदां घ्यावयाचें, खेळ मात्र वारंवार. २०२१ च्या फेब्रुवारींत प्लेस्टेशन ५ भारतांत आलें, तेव्हां डिस्क चालविणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये व डिस्कविरहित यंत्राची ३९,९९० रुपये होती. दुसरें १०,००० रुपयांनीं स्वस्त खरें. पण त्यावर डिस्क चालत नसल्यानें खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावे लागतात. असा खेळ मित्राला उसना देतां येत नाहीं, खेळून झाल्यावर विकतां येत नाहीं, आणि जुन्या बाजारांत मिळत नाहीं. एका जुन्या डिस्कमागें १,००० रुपये वांचतात असें धरिलें, तर दहाव्या खेळाला हिशेब बरोबरीस येतो, व अकराव्यापासून महाग यंत्रच स्वस्त ठरूं लागतें. वर्षाकाठीं दोनच खेळ घेणारा मात्र स्वस्त यंत्र घेऊनही पांच वर्षें तोट्यांत नाहीं.

आमच्या त्या दोघां विद्यार्थ्यांस आम्हीं निकाल दिला नाहीं. मला कोणते खेळ हवेत, ते या यंत्रावर चालतात काय, पांच वर्षांत एकूण खर्च किती, आणि नवे खेळ कोणत्या यंत्रासाठीं अधिक निघत आहेत, एवढें त्यांस कागदावर मांडावयास सांगितलें. एकाच्या यादींतील चार खेळांपैकीं तीन त्याच्या आवडत्या यंत्रावर चालतच नव्हते! वडिलांच्या महिन्याभराच्या कमाईएवढी रक्कम खर्चण्यापूर्वीं हें उमगलें, हें बरेंच झालें. पालकांनींही मुलांकडून हा कागद मागून घ्यावा, आणि मगच दुकानाची पायरी चढावी.