कल्याणच्या बिशपाचा वरिष्ठ : मार आबा

(वाचावयाचा भाग : फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय 1, वचने 12 ते 20)

पोप हा शब्द कानी पडताच आपले मन रोम शहराकडे जाते. परंतु ठाणे-कल्याणच्या मुलखातील ज्या अतिप्राचीन मंडळीचा लेखी उल्लेख सापडतो, तिचा वरिष्ठ रोमेत नव्हता. तो इराणात होता. इ. स. 550 च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नामक व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत एक ग्रंथ लिहिला. कल्लियाना येथे एक बिशप असून त्याची नेमणूक इराणातून होते, असे त्यात नमूद आहे. त्या बंदरातून तांबे, इमारती लाकूड व कापड बाहेर जाते, हेही तो सांगतो. कल्लियाना म्हणजे खाडीकाठचे आपले कल्याण, असे पुष्कळ विद्वान मानतात. त्या बिशपाचे नाव कॉस्मस देत नाही. पण इराणातील मंडळीचा त्या काळचा प्रमुख हा कॉस्मसचा स्वतःचा गुरू होता. त्याचे नाव मार आबा. पश्चिमेस जसा पोप, तसा पूर्वेकडील मंडळीत कॅथोलिकस. हे पद आबाने 540 पासून 552 पर्यंत भूषविले.

आबा जन्माने ख्रिस्ती नव्हता. तो जरथुष्ट्राच्या धर्मात वाढलेला, सरकारी कारकुनीत चढलेला, मानी मनुष्य होता. त्याचा चरित्रकार सांगतो की, एकदा तैग्रीस नदी उतरताना साध्या वेषातील एक ख्रिस्ती विद्यार्थी त्याच्याच नावेत बसला. आबाने त्यास सामानासह खाली उतरविले. नाव सुटली तोच वारा उठला व ती परत फिरवावी लागली. असे पुन्हा घडले, तेव्हा कोठे त्या विद्यार्थ्यास जागा मिळाली व नदी शांत झाली. वादळापेक्षा त्या तरुणाच्या नम्र बोलण्याने आबाला अधिक विचारात पाडले, असे मला वाटते. त्याने नोकरी सोडून बाप्तिस्मा घेतला, निसिबीसच्या विद्यालयात अध्ययन केले, एदेसा येथे ग्रीक शिकला, आणि अलेक्झांड्रिया व कॉन्स्टँटिनोपलपर्यंत प्रवास केला.

तो प्रमुख झाला तेव्हा मंडळीची दशा शोचनीय होती. पूर्वी सुमारे पंधरा वर्षे दोघे जण एकाच वेळी स्वतःस कॅथोलिकस म्हणवीत होते, आणि प्रत्येकाने आपापले बिशप नेमले होते. त्यामुळे कित्येक नगरांत एका मंडळीस दोन बिशप, दोन पक्ष व दोन भोजनविधी! ज्या गावात दोन घराण्यांच्या तंट्यामुळे प्रार्थनामंदिरास कुलूप लागले आहे, तेथील उपदेशकांस ह्याचे दुःख समजावून सांगावयास नको. आबाने राजधानीत बसून हुकूम सोडले नाहीत. काही बिशपांस सोबत घेऊन तो गावोगाव फिरला, दोन्ही पक्षांचे ऐकले, योग्य मनुष्यास ठेविले व दुसऱ्यास पद सोडावयास लाविले. विवाहाविषयीही त्याने कडक नियम घातले : सावत्र आई, सून, बहीण, भावाची पत्नी ह्यांच्याशी लग्न चालणार नाही. जुन्या रिवाजातून आलेल्या कुटुंबांस हे फार जड गेले.

ह्या नियमांमुळे, आणि तो स्वतः राजधर्म सोडून आलेला असल्यामुळे, मोबेदांनी, म्हणजे राजधर्माच्या पुरोहितांनी, त्याच्यावर फिर्याद केली. (आपल्या शेजारच्या पारशी बंधूंस कोणी ह्याचा दोष देऊ नये, ते राजसत्तेचे प्रकरण होते, आणि राजसत्ता हाती आल्यावर ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनीही असेच केले आहे.) त्या धर्मातून येणाऱ्यांस बाप्तिस्मा देणार नाही एवढे वचन दे, म्हणजे सुटशील, असे त्यास सांगण्यात आले. त्याने वचन दिले नाही. खुश्रू राजाने त्यास अझरबैजानच्या डोंगरात हद्दपार केले. तेथे त्याने राहत्या घरातच उपासनेची जागा केली. बिशप, वडील व सामान्य विश्वासी डोंगर चढून त्याच्याकडे येत, दीक्षा व निवाडे घेऊन परत जात. योगायोग असा की, त्याच दशकात, 545 साली, सम्राट जस्टिनियनने रोमचा पोप विजिलियस ह्यासही त्याच्या नगरातून हलविले.

काही वर्षांनी आबाच्या जिवावर घात करण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा तो रातोरात निघाला, पण लपावयास गेला नाही. थेट राजापुढे उभा राहिला. मारावयाचे असेल तर राजाने उघडपणे मारावे, चोरून कोणी मारू नये, असे त्याचे म्हणणे होते. राजाने त्यास सोडले नाही व मारलेही नाही. बेड्या घालून आपल्या स्वारीबरोबर फिरविले.

551 च्या सुमारास राजपुत्र अनोशजाद ह्याने बंड केले. त्याची आई ख्रिस्ती होती, आणि गुंदेशापूरचे अनेक ख्रिस्ती त्यास मिळाले. अशा वेळी स्वतःच्या छळाचा सूड घेण्याची संधी आबास होती. त्याने बंडखोरांस पाठिंबा दिला नाही. उलट राजाच्या सांगण्यावरून तेथील ख्रिस्ती लोकांस शांत करण्याचे काम पत्करले. त्यानंतर त्याची सुटका झाली. पण बंदिवासाने शरीर खचले होते, आणि 552 च्या आरंभी तो मरण पावला.

त्याने एकत्र बांधिलेली मंडळी आपल्या किनाऱ्यावरून लवकर नाहीशी झाली नाही. 1321 साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्यात आले व तेथेच मारले गेले. ते ज्या घरी उतरले होते, ते घर ह्याच पूर्वेकडील मंडळीच्या एका ख्रिस्ती कुटुंबाचे होते.