जुन्या मोपेडचे विद्युत रूपांतर : आधी भाराचे गणित, मग मोटारीची निवड

मोटार आणि पेडल या दोन शब्दांच्या संयोगातून ‘मोपेड’ हे नाव तयार झाले. सायकलीच्या सांगाड्याला लहान इंजिनाची जोड देणारे हे वाहन भारतात १९७२ साली पुण्यातील कायनेटिक इंजिनिअरिंगच्या ‘लूना’मुळे घरोघरी पोहोचले. १९८० साली तमिळनाडूतील होसूर येथून ‘टीव्हीएस ५०’ बाजारात आली आणि दोन माणसे किंवा एक माणूस व त्याचा माल वाहणारी मोपेड ग्रामीण अर्थव्यवस्थेचा भाग बनली. दुधाची कॅन, भाजीची क्रेट, खताची गोणी, फवारणी पंप अशा सर्व वस्तू या हलक्या वाहनाने वाहिल्या.

आज अशा अनेक मोपेडचे इंजिन झिजलेले असते. सांगाडा, चाके व कॅरिअर मात्र धडधाकट असतात. अशा सांगाड्यावर विद्युत मोटार बसविण्याचा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. बहुतेक वेळा या विचाराची सुरुवात ‘किती वॅटची मोटार घ्यावी’ या प्रश्नाने होते. वास्तविक हा प्रश्न शेवटी यावयास हवा. किती भार, किती चढ, दररोज किती अंतर, कोणती कायदेशीर वर्गवारी आणि कसे ब्रेक, या पाच बाबी निश्चित झाल्या की मोटार व बॅटरी आपोआप ठरतात.

भार व चढ यांचे गणित

उदाहरणादाखल एका दूध उत्पादकाची मोपेड घेऊ. चालकाचे वजन ६५ किलो, ४० लिटरची भरलेली कॅन सुमारे ५० किलो आणि रूपांतरित वाहन ६० किलो, असा एकूण भार १७५ किलो होतो. वाहन पुढे नेण्यासाठी तीन अडथळ्यांवर मात करावी लागते : टायर व रस्ता यांचा रोध, हवेचा रोध आणि चढ. अडथळ्याचे बल न्यूटनमध्ये मोजतात. १० न्यूटन म्हणजे साधारणतः १ किलो वजन उचलण्यास लागणारे बल.

सर्वसाधारण ग्रामीण डांबरी रस्त्यावर टायरचा रोध एकूण वजनाच्या सुमारे दीड टक्का धरता येतो. १७५ किलो भारासाठी तो २६ न्यूटन येतो. ताशी २५ किलोमीटर वेगाला हवेचा रोध सुमारे २० न्यूटन असतो. म्हणजे सपाट रस्त्यावर एकूण ४६ न्यूटन बल लागते. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ६.९४ मीटर. बल व वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती; ती येथे सुमारे ३२० वॅट होते. मोटार, कंट्रोलर व तारा यांतील घट लक्षात घेऊन एकूण कार्यक्षमता ७५ टक्के धरल्यास बॅटरीतून सुमारे ४२५ वॅट घ्यावे लागतात.

आता रस्त्याला ५ टक्के चढ आहे, म्हणजे १०० मीटर अंतरात ५ मीटर उंची वाढते, असे समजू. केवळ या चढासाठी आणखी ८६ न्यूटन बल लागते. वेग ताशी १५ किलोमीटरपर्यंत उतरविला तरी चाकावर सुमारे ५०० वॅट आणि बॅटरीवर सुमारे ६६० वॅट एवढी मागणी येते. त्याच चढावर ताशी २५ किलोमीटर वेग राखावयाचा असल्यास चाकावरच ९०० वॅटपेक्षा अधिक शक्ती हवी.

गंगेच्या खोऱ्यातील सपाट रस्त्यावर समाधानकारक चालणारे वाहन सह्याद्रीच्या घाटवाटेवर किंवा कुमाऊँच्या डोंगराळ रस्त्यावर का दमते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. शिफारस करताना विस्तार कार्यकर्त्याने शेतकऱ्याच्या मार्गावरील सर्वांत कठीण चढ प्रत्यक्ष पाहावा व भरलेल्या मालाचे वजन काट्यावर करावे. अंदाजावर निवडलेली लहान मोटार चढावर दीर्घकाळ अधिक प्रवाह ओढते, तापते व तिच्या वेटोळ्यांचे आवरण जळते.

कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये काही बॅटरीचलित वाहनांना ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून वगळले आहे. मोटारीची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असणे या त्यांतील मुख्य अटी आहेत. पेडलला साहाय्य करणाऱ्या सायकलीचे बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा अधिक नसावे, असेही बंधन आहे. या अटी पूर्ण होतात हे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने पडताळलेले असावे लागते. गावातील कार्यशाळेत २५० वॅटची मोटार बसविली म्हणजे सवलत आपोआप मिळाली, ही समजूत चुकीची आहे.

वरील गणितानुसार भरलेली कॅन घेऊन चढ चढण्यास २५० वॅट अपुरे पडतात. त्याहून मोठी मोटार बसविली की वाहन सवलतीच्या बाहेर जाते. शिवाय नोंदणीकृत मोपेडच्या इंजिनाऐवजी मोटार बसविणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील बदल ठरतो. संपूर्ण विद्युत रूपांतराच्या किटसाठी एआयएस-१२३ या मानकाचा तिसरा भाग लागू आहे. पुण्यातील एआरएआय यांसारख्या संस्थांकडून किटची चाचणी होते. मंजुरी ठरावीक मॉडेलसाठी असते. एका मोपेडचे मंजूर किट दुसऱ्या मोपेडला चालते असे नाही. बदल केल्यापासून १४ दिवसांच्या आत मालकाने नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून नोंदणी प्रमाणपत्रात तशी नोंद करून घ्यावयाची असते. विमा कंपनीलाही लेखी कळवावे; अन्यथा अपघातानंतर नुकसानभरपाईचा सारा भार शेतकऱ्याच्या घरावर पडण्याची भीती राहते.

खासगी वाहनाची मूळ नोंदणी १५ वर्षांची असते. जुन्या मोपेडवर पैसा घालण्यापूर्वी नोंदणी चालू आहे का, तिचे नूतनीकरण होऊ शकते का, हे प्रथम तपासावे. आपल्या मॉडेलसाठी मंजूर किट उपलब्ध नसेल तर रस्त्यावर वापरण्यासाठी रूपांतर करू नये. अशा वेळी हलक्या मालासाठी प्रमाणित विद्युत सायकल किंवा जड मालासाठी कारखान्यात तयार झालेली विद्युत मोपेड हा पर्याय योग्य ठरतो. येथे दिलेले गणित त्या खरेदीसाठीही तितकेच उपयुक्त आहे.

सांगाड्याची तपासणी

इंजिन, सायलेन्सर व पेट्रोल टाकी काढल्यानंतर सांगाडा धुऊन कोरडा करावा आणि वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यावर तडा अथवा खोल गंज आहे का ते पाहावे. हँडलच्या मानेतील बेअरिंग, मागील स्विंगआर्मचे बुश, पुढील चिमटा आणि चाकांच्या रिम यांतील सैलपणा तपासावा. मुख्य नळीवर तडा असलेला सांगाडा वापरात आणू नये. रिकाम्या दिसणाऱ्या पेट्रोल टाकीतही वाफ उरलेली असते. तिच्यावर वेल्डिंग करणे जीवघेणे ठरू शकते. बॅटरीचा डबा म्हणूनही त्या टाकीचा उपयोग करू नये.

बॅटरीची योग्य जागा म्हणजे इंजिनाची मूळ जागा : चाकांच्या मधोमध व जमिनीच्या जवळ. कॅरिअरखाली उंचावर ठेवलेली बॅटरी वाहनाचा गुरुत्वमध्य वर नेते, कॅरिअरची भारक्षमता खाते व वळणावर तोल बिघडविते. डबा इंजिनाच्या मूळ बोल्टांवर बसवावा. मुख्य नळीला नवीन छिद्रे पाडू नयेत.

हब मोटारीच्या आसाला आधार

चाकातच बसणाऱ्या हब मोटारीला साखळी अथवा क्लच लागत नाही, म्हणून ती लोकप्रिय आहे. तथापि तिच्या आसावर वेगळ्या प्रकारचा ताण येतो. मोटार चाकाला पुढे फिरविते, त्याच वेळी आसाला तेवढ्याच जोराने मागे पिळते. १६ इंची रिमच्या मोपेडच्या चाकाची टायरसह त्रिज्या सुमारे ०.२६ मीटर असते. वरील चढासाठी चाकावर सुमारे ३१ न्यूटन-मीटर पीळ लागतो. आसाच्या सपाट कडांवर हा पीळ जेमतेम १२ मिलिमीटर रुंदीत पेलला जातो, असे धरल्यास सांगाड्याच्या खाचेवर सुमारे २५० किलो वजनाइतके बल येते. ते दर थांब्याला व प्रत्येक धक्क्याला पुन्हा पुन्हा येत असल्याने खाच हळूहळू फाकते, आस गरगर फिरतो, तारा तुटतात आणि चाक निखळू शकते.

यावर साधा उपाय म्हणजे कारागीर ज्याला टॉर्क आर्म म्हणतात ती जाड पोलादी पट्टी. आसावर घट्ट बसणारी ही पट्टी १० सेंटिमीटर अंतरावर स्विंगआर्मला बांधली, तर त्या टोकावर केवळ ३० किलोच्या आसपास बल येते. पट्टी दोन्ही बाजूंस असावी, नटाखाली लॉक वॉशर असावा आणि पहिल्या १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. एवढ्या शक्तीची हब मोटार पुढील चिमट्यात बसवू नये. तेथील खाच फाकली तर चालकाला सावरण्याची संधीच मिळत नाही.

बॅटरी : अंतरावरून क्षमता

सपाट रस्त्यावर वरील वाहनाला किलोमीटरला सुमारे १७ वॅट-तास ऊर्जा लागते. थांबे व खराब रस्ता धरून २० वॅट-तास हा आकडा नियोजनासाठी घ्यावा. चढाच्या मार्गासाठी तो आणखी वाढवावा. ४८ व्होल्ट, २० ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीत ९६० वॅट-तास ऊर्जा असते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतील ८० टक्के ऊर्जा वापरावयाची ठरविल्यास सुमारे ३८ किलोमीटर अंतर होते. अशी बॅटरी साधारणतः २००० चार्जिंग फेऱ्या देऊ शकते. तेवढ्याच क्षमतेच्या लेड-ॲसिड संचाचे वजन २५ किलोंच्या घरात जाते. दीर्घायुष्यासाठी त्यातील निम्मीच ऊर्जा वापरणे हितावह असते. त्यामुळे अंतर २४ किलोमीटरवर येते व फेऱ्याही शेकड्यांतच मोजाव्या लागतात. म्हणून बॅटरीची तुलना खरेदी किमतीवरून न करता, किंमत भागिले तिच्या आयुष्यात मिळणारे एकूण किलोमीटर, अशी करावी.

दुचाकी वर्गातील बॅटरीच्या सुरक्षिततेसाठी एआयएस-१५६ हे मानक आहे. सुटे सेल जोडून तयार केलेला, प्रमाणपत्र नसलेला संच स्वस्त असला तरी घेऊ नये. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी बीएमएस यंत्रणा, बॅटरीच्या धन टोकाजवळ डीसी प्रवाहासाठीचा फ्यूज व पाण्यापासून संरक्षण देणारा डबा अनिवार्य मानावा. घरातील एसी प्रवाहाचा एमसीबी डीसी फ्यूजची जागा घेऊ शकत नाही. चार्जर बॅटरीच्या रासायनिक प्रकाराचाच असावा. उन्हातून आलेली तप्त बॅटरी थंड झाल्यावरच चार्ज करावी. हिमालयीन भागात तापमान शून्याखाली असताना लिथियम बॅटरी चार्ज केल्यास तिचे कायमचे नुकसान होते. चाऱ्याची गंज, पेट्रोलचे कॅन किंवा झोपण्याची खोली यांच्याजवळ चार्जिंग टाळावे. सौर पंपाच्या पॅनेलचा व्होल्टेज मोठा असू शकतो. त्याची वाहिनी बॅटरीला थेट जोडू नये.

वेग व ब्रेक

वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २५ ऐवजी ४० किलोमीटर वेगाने जाणारी तीच मोपेड थांबविताना ब्रेकना अडीचपटीहून अधिक ऊर्जा शोषावी लागते. जुने ड्रम ब्रेक त्यासाठी तयार नसतात; शिवाय उतारावर इंजिनाचा मिळणारा रोधही आता नसतो. म्हणून नवीन ब्रेक शू, नवीन केबल आणि ब्रेक दाबताच मोटारीचा प्रवाह तोडणारे स्विच हे रूपांतराचे अविभाज्य भाग आहेत. कंट्रोलरमधील वेगमर्यादा काढून टाकण्याचा मोह टाळावा.

खर्चाची पडताळणी

चार्जिंगमधील घट धरून किलोमीटरला सुमारे २३ वॅट-तास वीज मीटरमधून जाते. म्हणजे १ युनिट विजेत सुमारे ४३ किलोमीटर अंतर कापले जाते. पेट्रोल मोपेड लिटरला ५० किलोमीटर धावते असे धरल्यास त्याच अंतराला ०.८६ लिटर पेट्रोल लागते. स्थानिक दर घालून दोन्हींतील फरक काढावा, त्याला वार्षिक किलोमीटरने गुणावे आणि त्यातून बॅटरीची वार्षिक झीज वजा करावी. दररोज ३० किलोमीटर धावणाऱ्या दूध उत्पादकाला रूपांतर परवडू शकते. आठवड्यातून एकदा बाजाराला जाणाऱ्यास तोच खर्च वसूल होण्यास अनेक वर्षे लागतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कृषी विज्ञान केंद्रांच्या मेळाव्यात विद्युत वाहनाचे प्रात्यक्षिक दाखविताना रिकामे वाहन सपाट मैदानावर फिरविण्यात फारसा अर्थ नाही. काट्यावर मोजलेला माल लादून, परिसरातील नेहमीच्या चढावर ते चालवावे, वॉटमीटरने ऊर्जा मोजावी आणि किलोमीटरला पडणारे वॅट-तास फलकावर लिहावेत. प्रत्येक इच्छुक शेतकऱ्याकडून चार नोंदी घ्याव्यात : सर्वाधिक भार, सर्वांत कठीण चढ, दररोजचे अंतर आणि नोंदणीची मुदत. या चार नोंदी हाती असल्या की विक्रेत्याला नेमके काय विचारावे हे शेतकऱ्याला समजते, आणि कोणत्या वाहनाला नकार द्यावा हेही.