चवदार तळे व लेखणी
(ग्रामीण मंडळ्यांच्या अभ्यासवर्गासाठी पाठ)



कारंजा (घाडगे) भागातील कपाशीच्या शेतांच्या व संत्र्यांच्या बागांच्या गावांतून जे उपदेशक फिरतात, त्यांच्यापुढे एक प्रश्न केव्हा ना केव्हा येतोच. गावात एखाद्यास त्याच्या जातीवरून वेगळे ठेविले, पाणवठ्यावर मागे लोटले किंवा पंगतीत दूर बसविले, तर त्याने काय करावे? कोणी म्हणतात, भांडावे. कोणी म्हणतात, सोसावे. आमच्या मते याहून निराळी एक तिसरी वाट आहे. ती कठीण आहे, पण ती चाललेल्या माणसांचा इतिहास आपल्याजवळ आहे. तो नीट समजून घ्यावा म्हणून आम्ही हा पाठ लिहीत आहो. वर्गात तो दोन बैठकांत वाचावा, अशी सूचना आहे.

१. नियम होता, परंतु पाणी नव्हते

ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी आणलेला एक ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य मानलेल्या लोकांस करू द्यावा, असे त्यात होते. त्याच्या आधारे कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत आपले चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे उदार मनाचे गृहस्थ तेथे होते.

तथापि तीन वर्षे लोटली, तरी त्या पाण्याला एकाही अस्पृश्याचा हात लागला नाही. ठराव दप्तरात राहिला आणि रूढी काठावर पहारा करीत राहिली. तळ्याभोवती सवर्ण हिंदूंची घरे होती, मुसलमानांचीही होती. गुरेढोरेही पाणी पिऊन जात. केवळ एका वर्गाच्या माणसांना मज्जाव होता.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हक्क कागदावर मिळणे ही अर्धीच वाट होय. उरलेली अर्धी ज्याची त्याने पायांनी चालावी लागते.

२. ता. २० मार्च १९२७

ता. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे प्रभृतींनी तयारी केली होती आणि अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर. गावोगावचे सुमारे अडीच हजार लोक आले. एवढ्या लोकांस पिण्यासाठी पाणी पाहिजे. ते परिषदेला चाळीस रुपये देऊन विकत घ्यावे लागले. गावात सार्वजनिक तळे भरलेले, आणि पाहुण्यांसाठी पाणी विकतचे! अन्यायाचे इतके स्पष्ट चित्र दुसरे कोणते असावे?

पहिल्या दिवशीच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी आपल्याच लोकांना प्रथम चार गोष्टी सांगितल्या. मेलेल्या जनावराचे मांस टाका, शिळे तुकडे मागणे सोडा, मुलांना शिकवा व स्वाभिमानाने राहा, असा त्यांचा बोध होता. दुसऱ्या दिवशी सर्व मंडळी रांगेने, शिस्तीने चवदार तळ्यावर गेली. डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले व मागून इतरांनी घेतले. कोणाच्या अंगास हात लाविला नाही, कोणाची वस्तू मोडली नाही.

त्यानंतर गावात अफवा उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन मंडपावर चालून आला. जेवणास बसलेल्या व परत निघालेल्या लोकांना मार बसला आणि अन्न मातीत गेले. प्रतिकार करण्याइतके बळ परिषदेच्या लोकांत नव्हते असे नाही. त्यांच्यात पलटणीतून निवृत्त झालेले लोकही होते, व ते चिडून परवानगीची वाट पाहत होते. डॉ. आंबेडकरांनी ती दिली नाही. त्यांनी लोकांना आवरले आणि प्रकरण न्यायालयात नेले. हल्लेखोरांपैकी काहींना पुढे शिक्षा झाली. ज्याच्या अंगात बळ नाही त्याचे गप्प राहणे निराळे, आणि ज्याच्या अंगात बळ आहे त्याने हात आवरणे निराळे. दुसऱ्यालाच सत्याग्रह हे नाव शोभते.

इकडे विरोधकांनी पाणी बाटले असे मानून तळ्यातून १०८ घागरी पाणी काढले व पंचगव्य आणि मंत्र यांनी तळ्याची शुद्धी केली. ऑगस्टात नगरपालिकेने आपला जुना ठरावही मागे घेतला.

३. लेखणी कशासाठी?

त्या दिवसानंतर दोनच आठवड्यांनी, ता. ३ एप्रिल १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. त्यापूर्वी ता. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले होते व त्यास कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी अडीच हजार रुपयांचे साह्य केले होते. ‘मूकनायक’ फार काळ टिकले नाही. आता मात्र वर्तमानपत्राची गरज अधिकच निकडीची झाली.

ती का झाली? मार खाल्लेल्या माणसाची हकीकत दुसऱ्याच्या तोंडून जगाला कळली, तर ती बहुधा वाकडी होऊन कळते. महाडच्या लोकांस काहींनी दंगेखोर म्हटले. काहींनी म्हटले, हक्क खरा, पण घाई झाली. या सर्वांना उत्तर देणे अवश्य होते. ते काठीने देता येत नव्हते, आणि गप्प राहूनही देता येत नव्हते.

या लिखाणाची रीत अभ्यासण्यासारखी आहे. एक तर त्यात विरोधकांना मान्य असलेल्या गोष्टींपासून आरंभ होतो. ‘मूकनायका’च्या शिरोभागी तुकारामबोवांचे व ‘बहिष्कृत भारता’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरांचे शब्द छापले जात, म्हणजे ज्यांना वाचणारा वंदन करतो, त्यांच्याच साक्षीने बोलणे सुरू होई. दुसरे असे की, त्यात मुद्दा एकच धरून चालविलेला असतो: तळे कोणाच्या पैशाचे? ठराव कोणी केला? मग पाणी कोणाचे? तिसरे असे की, आपल्या लोकांच्या दोषांवर लेखक पांघरूण घालीत नाही. जो स्वतःच्या घरचे खरे सांगतो, त्याचे दुसऱ्याच्या घराविषयीचे बोलणे लोक ऐकून घेतात.

४. थांबणे हेही धैर्याचे असू शकते

डिसेंबर १९२७ मध्ये महाडास दुसरी परिषद भरली. मंडपास जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. ता. २५ रोजी विषमतेचे विधान करणाऱ्या मनुस्मृतीचे दहन झाले. त्यानंतर तळ्यावर जाण्याचा बेत होता आणि तुरुंगात जाण्याची तयारी करून हजारो लोक जमले होते. परंतु विरोधकांनी तळे खाजगी असल्याचा दावा आधीच दाखल केला होता, व ता. १४ डिसेंबरास न्यायालयाने तात्पुरती मनाई केली होती.

आता काय करावे? पुष्कळांचे मत होते की, मनाई मोडावी. डॉ. आंबेडकरांनी विचार मांडला की, आपले भांडण रूढीशी आहे. कायदा तर आपल्या बाजूचा आहे. आज हुकूम मोडला, तर आपण सरकारचे विरोधक ठरू आणि खरा विरोधक बाजूस राहील. पेटलेल्या सभेला हे पटविणे सोपे नव्हते. परंतु ते पटले. लोकांनी मिरवणुकीने तळ्यास वळसा घातला व पाण्यास न शिवता ते परतले.

दावा मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. ता. १७ मार्च १९३७ रोजी निकाल झाला. तळे नगरपालिकेचे आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढी विरोधकांना सिद्ध करता आलेली नाही, असे न्यायालयाने ठरविले. ओंजळभर पाणी घेण्यास एक क्षण पुरला. ते पाणी आपले आहे हे न्यायालयात ठरण्यास तीन दिवस कमी अशी दहा वर्षे लागली. जे बंधू एका अर्जाचे उत्तर महिनाभरात आले नाही म्हणून निराश होतात, त्यांनी हा हिशेब मनात ठेवावा.

५. बर्मिंगहॅमचे पत्र

आता समुद्रापलीकडचे एक उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम या शहरी काळ्या व गोऱ्या लोकांस खाणावळी, बाके व पिण्याच्या पाण्याचे नळ वेगवेगळे होते. तेथे १९६३ च्या एप्रिलात पाळक डॉ. मार्टिन ल्यूथर किंग व त्यांचे सहकारी यांनी शांततेने निदर्शने मांडली. न्यायालयाने मनाई हुकूम काढला. डॉ. किंग यांनी तो मोडला व ता. १२ एप्रिल रोजी, उत्तम शुक्रवारी, ते कैदेत गेले.

त्याच सुमारास त्या राज्यातील आठ गोऱ्या धर्मगुरूंनी वर्तमानपत्रात एक निवेदन दिले. त्यांत एक यहूदी रब्बी होते, बाकीचे ख्रिस्ती होते. ही निदर्शने अकाली आहेत, लोकांनी धीर धरावा व न्यायालयाची वाट धरावी, असा त्यांचा आशय होता. डॉ. किंग यांनी तुरुंगात त्याच वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासांवर व मिळतील त्या चिटोऱ्यांवर उत्तर लिहिण्यास आरंभ केला. ता. १६ एप्रिलचे ते पत्र आज जगभर अभ्यासिले जाते. त्यात शिवी नाही. धर्मगुरूंस ते बंधू समजून लिहितात आणि त्यांच्याच शास्त्रातून व परंपरेतून दाखले देतात. ज्यांना पिढ्यानपिढ्या थांबविले, त्यांना आणखी थांबा म्हणणे म्हणजे नाही म्हणणेच होय, हे ते दाखवितात. उघड द्वेष करणाऱ्यापेक्षा ‘हक्क खरा, पण आज नको’ असे म्हणणाऱ्या सज्जनाने आपली अधिक निराशा केली, असेही ते स्पष्ट सांगतात.

वाचक विचारतील, आंबेडकरांनी मनाई पाळली व किंग यांनी मोडली. मग बरोबर कोण? आमचे उत्तर असे की, दोघांनीही प्रथम कायदा कोणाच्या बाजूस आहे हे पाहिले. महाडास कायदा अनुकूल व रूढी प्रतिकूल होती. बर्मिंगहॅमला नगरीचे नियमच भेदाचे होते, व मनाईचा उपयोग तो भेद राखण्याकडे होत होता. म्हणून निर्णय निराळे झाले. नियम मात्र दोघांचा एकच होता: जे करावयाचे ते उघड करावे, हात उगारू नये, परिणाम आपल्या अंगावर घ्यावा, आणि कारण लिहून सांगावे. परिणाम खरोखरच अंगावर आले. १९६४ साली अमेरिकेत सार्वजनिक ठिकाणी भेद करण्यास बंदी करणारा कायदा झाला, तरी मनाई मोडल्याची शिक्षा वरिष्ठ न्यायालयाने १९६७ साली कायम केली, व डॉ. किंग यांनी ती भोगली.

६. आपल्या घराजवळ

आपला वर्धा जिल्हा त्या काळी मध्यप्रांतात होता. मुंबईचा ठराव येथे लागू नव्हता. तरी वारा येथवर आला. वर्धा नदीपलीकडे अमरावतीस १९२७ च्या नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरून अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पुढे आला. १९२८ च्या जुलैत जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांस खुले केले. नाशिकास मात्र काळाराम मंदिरापुढे ता. २ मार्च १९३० पासून १९३४ पर्यंत सत्याग्रह चालला, तरी दार उघडले नाही. एके ठिकाणी दार आतून उघडले, दुसऱ्या ठिकाणी वर्षानुवर्षे ठोठावूनही नाही. हेही विसरू नये.

ता. २६ जानेवारी १९५० पासून भारताच्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. सरकारी पैशाने राखलेल्या विहिरी, तळी, घाट व रस्ते यांपासून धर्म अथवा जात यांवरून कोणाही नागरिकास दूर ठेवता येत नाही, असे पंधराव्या अनुच्छेदात आहे. बोले यांच्या १९२३ च्या ठरावाचा प्रतिध्वनी त्यात ऐकू येतो. धर्म बदलल्याने पाण्यावरचा हक्क जात नाही, हे प्रत्येक उपदेशकाने वस्तीत समजावून सांगावे.

आणि प्रसंग आलाच, तर पुढील रीत धरावी. जे घडले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे: तारीख, वेळ, जागा, शब्द, साक्षीदार. ग्रामपंचायतीस, व जरूर तर तहसीलदारास अथवा पोलिसांस अर्ज द्यावा. अर्जात शिवी नसावी व वाढवून सांगितलेले काही नसावे, कारण एक खोटे वाक्य दहा खऱ्या वाक्यांस बुडविते. प्रत जवळ ठेवून पोच घ्यावी. ज्याने अडविले त्याच्याशीही बोलावे. त्याला हरविणे हा हेतू नसून त्याला आपल्या शेजारी पाणी भरताना पाहणे हा हेतू आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरची. पाणवठ्यावर समतेचा अर्ज देणाऱ्या मंडळीत सोयरीक जुळविताना वा पंगत बसविताना जुन्या जातीची विचारपूस होत असेल, तर आपल्या अर्जाला वजन कोठून येणार? शमरोनी स्त्रीजवळ विहिरीवर पाणी मागितल्याची गोष्ट आपण मुलांना शिकवितो. ती प्रथम आपण शिकली पाहिजे.

विचारासाठी प्रश्न

१. महाडास ठराव होऊनही तीन वर्षे पाणी का मिळाले नाही? आपल्या गावात असा कोणता हक्क कागदावरच आहे?
२. मार्च १९२७ मध्ये हात आवरणे व डिसेंबर १९२७ मध्ये मागे फिरणे, यांपैकी अधिक कठीण कोणते होते?
३. ‘हक्क खरा, पण आज नको’ असे आपण कोणास कधी म्हटले आहे काय?
४. वर्गातील प्रत्येकाने एखाद्या खऱ्या गाऱ्हाण्याचा दहा ओळींचा अर्ज लिहून आणावा. त्यातील रागाचा प्रत्येक शब्द काढून तो पुन्हा वाचावा, व अर्ज दुबळा झाला की बळकट, हे सर्वांनी मिळून ठरवावे.