उन्हाळ्यात न दिसणारे पाणी
अभ्यासलेख : लष्करी वसाहती आणि पाणथळ जागा



सैनिकाच्या कुटुंबाला चांगले घर मिळावे, याविषयी कोणाचे दुमत नसावे. सतत बदल्या, घरचा कर्ता माणूस महिनोन् महिने दूर; मागे राहणाऱ्यांना निदान पक्के छप्पर हवेच. अडचण येते ती जागेची. लष्कराच्या ताब्यातील जमीन वर्षानुवर्षे कुंपणाआड राहते, त्यामुळे बाहेर नाहीशा झालेल्या पाणथळी पुष्कळदा तिच्यातच टिकून असतात. तिथे वसाहत काढण्यापूर्वी काय तपासावे, हे अमेरिकेतील एका ठिकाणावरून समजून घेऊ या.

कॅलिफोर्नियात सॅन दिएगो शहरात मिरामार हा मरीन दलाचा हवाई तळ आहे. हा सारा मुलूख मूळचा कुमेयाय आदिवासींचा. इथल्या पठारांवर हिवाळी पावसात उथळ डबकी भरतात. खाली चिकणमातीचा घट्ट थर असल्याने पाणी मुरत नाही. उन्हाळ्यापर्यंत मात्र ते आटून जाते. या डबक्यांत ‘फेअरी श्रिम्प’ नावाचा, बोटाच्या पेराहून लहान जीव राहतो. त्याची अंडी कोरड्या मातीत अनेक वर्षे तग धरतात आणि पाणी साचले की फुटतात. १९९७ मध्ये तेथील सरकारने सॅन दिएगोच्या या जातीला संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिले. शहर वाढले तशी बहुतेक डबकी बुजली; उरलेल्यांतील मोठा वाटा या तळाच्या हद्दीत आहे. ज्यांनी कोकणातील कातळसडे पावसाळ्यात पाहिले असतील, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. आपल्या सड्यांवरील डबक्यांतही या जीवाचे भाऊबंद सापडतात.

अशा पठारावर घरे बांधायची झाली तर कायदा काय सांगतो? १९६९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यानुसार सरकारी खात्याला आधी परिणामांचा अभ्यास करावा लागतो. परिणाम गंभीर दिसले तर सविस्तर अहवाल लिहावा लागतो. त्यात दुसऱ्या जागांचा, आणि काहीच न बांधण्याचाही, विचार असावा लागतो. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या १९७७ च्या आदेशानुसार, दुसरा व्यवहार्य मार्ग असेल तर केंद्रीय खात्यांनी पाणथळीत बांधकाम करू नये. पाणथळीत भराव टाकण्याच्या परवान्यासाठीही क्रम ठरलेला आहे : आधी नुकसान टाळा, मग कमी करा, उरलेल्याची भरपाई करा. व्यवहारात पुष्कळांची नजर थेट शेवटच्या पायरीवर जाते. पण दुसरीकडे खड्डा खणून पाणी साठवले म्हणजे जुनी पाणथळ परत मिळाली असे होत नाही. खालचा थर, माती आणि मातीतली अंडी कुठून आणणार? शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर, मोठ्या जलप्रवाहाशी सलग नसलेल्या पाणथळींना या परवान्याच्या कायद्याचे संरक्षण फारसे उरलेले नाही. त्यामुळे मूळ अभ्यास किती प्रामाणिक आहे, याला अधिकच महत्त्व आले.

खरी परीक्षा पाण्याच्या हिशेबात आहे. नकाशावर घरे डबक्यापासून दूर दिसतात, पण डबके पाणी घेते ते वरच्या उतारावरून. तिथे छपरे आणि डांबरी रस्ते आले की पाणी मुरायचे थांबते व वेगाने वाहते. गटार दुसरीकडे वळवले तर डबके उपाशी राहते. उलटही घडते. घरांपुढच्या हिरवळीला उन्हाळाभर पाणी घातले, तर ते झिरपत येऊन जे डबके आटायला हवे ते ओलेच राहते. मग बारमाही पाण्यातील गवत आणि मासे येतात, आणि कोरड्या ऋतूवर जगणारे जीव संपतात. पाणी वाढल्याने पाणथळ बिघडते, हे सहज लक्षात येत नाही. याखेरीज तणनाशके, पाळीव मांजरे, मुलांच्या सायकली यांचाही हिशेब धरावा लागतो.

म्हणून पाहणी केव्हा केली हे फार महत्त्वाचे. मे महिन्यात जाणाऱ्याला भेगाळलेली माती दिसेल. फेअरी श्रिम्पसाठी तिथे ओल्या ऋतूत पाणी आणि कोरड्या ऋतूत माती, अशी दोन्ही वेळी तपासणी करतात.

हा सारा खटाटोप केवळ किड्यामुंग्यांसाठी, असे मात्र समजू नये. नॉर्थ कॅरोलिनातील कॅम्प लेजून या तळावर १९५३ ते १९८७ या काळात पिण्याच्या पाण्यात घातक रसायने मिसळली होती, आणि तेच पाणी सैनिकांच्या घरांत, मुलाबाळांच्या पोटात जात होते. जमिनीखालचे पाणी कुठून कुठे जाते, हे रहिवाशांनाही आधीच कळायला हवे.

आपल्याकडे २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार संरक्षित पाणथळीच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्के बांधकाम करता येत नाही. परंतु पावसाळी डबकी सहसा त्या यादीत नसतात. २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत इमारतींचे आणि देशाच्या संरक्षणाशी संबंधित प्रकल्प जनसुनावणीतून वगळलेले आहेत. तेव्हा बोलण्याची संधी समोरून चालून येईलच असे नाही. ग्रामसभेचा लेखी ठराव मात्र पाठवता येतो. अहवाल हाती आल्यास प्रथम पाहणीची तारीख वाचावी. ती एप्रिल-मेची असेल, तर पावसाळ्यातील दुसरी पाहणी मागावी. पावसात खेकडे कुठे धरतात, गुरे कुठे पाणी पितात, हे पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना नेमके ठाऊक असते. श्रावणात त्यांना बरोबर घेऊन त्या जागांच्या कडेने खुंट्या ठोकाव्यात, तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि ती ठरावाला जोडावीत.