डॉ. हेक्टर गार्सिया : शिपायांचे कैवारी

हेक्टर गार्सिया ह्यांचा जन्म १९१४ सालीं मेक्सिको देशांत झाला. तेथें राज्यक्रांतीची धामधूम माजल्यामुळें १९१७ सालीं त्यांचीं आईबापें मुलांस घेऊन अमेरिकेच्या टेक्सास प्रांतांत आलीं. दोघेंहि शिक्षक होतीं. परंतु त्यांच्या पदव्या तेथें मान्य झाल्या नाहींत, म्हणून बापानें कापडचोपडाचें दुकान धरिलें. तरी मुलांच्या शिक्षणांत त्यांनीं कसूर केली नाहीं. हेक्टर १९४० सालीं डॉक्टर झाले. १९४२ सालीं ते सैन्यांत शिरले, उत्तर आफ्रिकेंत व इटलींत त्यांनीं चाकरी केली, आणि मेजरच्या हुद्द्यास पोंचले.

युद्धानंतर कॉर्पस क्रिस्टी शहरीं त्यांनीं दवाखाना घातला. तेथें त्यांस आढळलें कीं, मेक्सिकन वंशाच्या ज्या शिपायांनीं देशासाठीं रक्त सांडिलें, त्यांस कायद्यानें ठरलेली औषधोपचाराची व शिक्षणाची मदत वेळेवर मिळत नाहीं. एकट्याच्या अर्जास कोणी विचारीत नाहीं, हें जाणून त्यांनीं २६ मार्च १९४८ रोजीं अशा शेंकडों शिपायांची सभा भरविली. तींतूनच ‘अमेरिकन जी. आय. फोरम’ ही संस्था निघाली.

पुढल्याच वर्षीं संस्थेची कसोटी लागली. फेलिक्स लाँगोरिया हा शिपाई १९४५ सालीं फिलिपाईन्स बेटांत लढतांना पडला होता. त्याचें प्रेत १९४९ सालीं स्वदेशीं यावयाचें होतें. थ्री रिव्हर्स ह्या त्याच्या गांवीं प्रेत ठेवून आप्तांनीं अखेरचें दर्शन घेण्याची एक खासगी जागा होती. विधवेनें ती मागितली असतां, गोऱ्या लोकांस तें रुचणार नाहीं, ह्या सबबीवर मालकानें नकार दिला. मेलेल्याचा असा अपमान म्हणजे काय, हें ज्यांनीं सोसलें आहे त्यांस सांगावें लागत नाहीं.

डॉ. गार्सियांनीं प्रथम मालकास समजावून पाहिलें. त्यानें ऐकिलें नाहीं, तेव्हां दांडगाई न करितां अधिकाऱ्यांस व पुढाऱ्यांस तारा केल्या, आणि जाहीर सभा भरविली. सेनेटर लिंडन जॉन्सन ह्यांनीं तारेचें उत्तर धाडिलें. व १६ फेब्रुवारी १९४९ रोजीं राजधानीजवळील आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमींत लाँगोरियास सन्मानानें मूठमाती मिळाली.

डॉ. गार्सियांस १९८४ साली राष्ट्राध्यक्षांकडून स्वातंत्र्यपदक मिळालें. १९९६ साली ते वारले.

वाचकहो, स्वतःस दवाखाना व मान मिळाल्यावर हे गृहस्थ स्वस्थ बसूं शकले असते. ते बसले नाहींत, हाच ह्या चरित्राचा बोध.

विचारासाठीं प्रश्न : (१) एकट्याचा अर्ज व सभेची मागणी ह्यांत भेद कोणता? (२) आपणांस हक्क मिळाला म्हणजे मागें राहिलेल्या बंधूचें ऋण फिटतें काय?